उच्च सुरक्षा जैवप्रयोगशाळेविषयी वस्तीत सभा कशी घ्यावी

नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ'ची, म्हणजे माणसांच्या व जनावरांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या, उच्च सुरक्षा जैवप्रयोगशाळा नियोजित असलेल्या संस्थेची कोनशिला बसली, आणि माणसांना व जनावरांना होणाऱ्या रोगांचे जंतू आपल्या शहरात हाताळले जाणार का, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. वस्तीत सभा बोलावायची असेल, तर प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी: लोकांची भीती दूर करणे हे सभेचे काम नाही. त्या भीतीत दडलेला नेमका प्रश्न शोधून तो योग्य दारापर्यंत पोहोचवणे, एवढेच तिचे काम आहे.

सभेत कोणाचेही भाषण होण्याआधी प्रश्न लिहून घ्यावेत, आणि ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावेत. आमच्या समाजमंदिरात नाल्याकाठच्या एका आजींनी विचारले, "सप्टेंबरात पाणी माह्या पलंगापर्यंत आलं होतं, त्या लॅबचं पाणी कुठून जाईन?" मंचावरच्या पाहुण्यांनी विषाणू म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली आणि आजी गप्प बसल्या. त्यांना विषाणूविषयी काहीच विचारायचे नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते त्यांनी स्वतः अनुभवले होते, आणि प्रयोगशाळेचे सांडपाणी पुराच्या पाण्यात मिसळणार नाही याची खात्री त्यांना हवी होती. माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

प्रश्न जमले की थोडी तयारी करावी. जैवसुरक्षेचे चार स्तर असतात. चौथ्या, म्हणजे बीएसएल-४ स्तरावर, ज्यांवर बहुधा लस किंवा औषध नाही अशा अतिघातक विषाणूंवर काम होते. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे हवा आत येते, बाहेर पडत नाही. जी हवा बाहेर सोडायची ती अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते. सांडपाणी उष्णतेने किंवा रसायनाने निर्जंतुक केल्याखेरीज गटारात सोडत नाहीत. अशी प्रयोगशाळा पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आवारात आहे, आणि २०१८ मध्ये केरळातील निपाह या घातक विषाणूच्या साथीचे निदान याच संस्थेने पक्के केले. ही उपयुक्तता सभेत स्पष्ट सांगावी, परंतु ती भीतीवरचा उतारा म्हणून सांगू नये.

अपघातही लपवू नयेत. १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातील स्वेर्दलोव्स्क येथील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे दगावली. २००७ मध्ये इंग्लंडमधील पिरब्राइट येथील पशुरोग-प्रयोगशाळांच्या आवारातून लाळ्या-खुरकूतचा विषाणू बाहेर पडला, आणि तो जुन्या, गळक्या सांडपाणी-नळांमधून मातीत गेला असावा, असे चौकशीत दिसून आले. म्हणजे आजींची शंका अडाणी नव्हती. पिरब्राइटच्या चौकशीनेही नेमके त्या नळांकडेच बोट दाखवले होते. बोस्टनमध्ये विद्यापीठाच्या बीएसएल-४ प्रयोगशाळेचा प्रस्ताव असतानाच, २००४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेतील तीन संशोधकांना तुलारेमिया हा जिवाणूंमुळे होणारा रोग झाला, आणि ही बातमी नागरिकांना २००५ च्या जानेवारीत कळली. आधीपासून असलेला विरोध या उशिराने आणखी तीव्र झाला, आणि बीएसएल-४ कामाला शहराची अंतिम मंजुरी मिळायला २०१७ साल उजाडले. संकट कळवायला लागलेला विलंब लोक विसरत नाहीत, हे आपल्याकडील अधिकाऱ्यांनाही सौम्य शब्दांत सांगावे.

यानंतर प्रश्न पाठवायचा मार्ग. घातक सूक्ष्मजीवांच्या हाताळणीविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते; अशा केंद्रांना भेटी देणे आणि आवाराबाहेरच्या आपत्कालीन परिस्थितीचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. म्हणून वस्तीचे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. त्यात अंदाजाने आरोप न करता नेमके विचारावे: समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, आराखड्यात आमच्या वस्तीचा उल्लेख आहे का, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था किती तास चालते, पूर आल्यास सांडपाण्याच्या टाक्यांचे काय होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात विजेचा प्रश्न मागे ठेवू नये.

उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. इमारतीचे नकाशे वा जंतूंच्या साठ्याचा तपशील सुरक्षेच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो, तेव्हा अर्जात ते मागण्यात वेळ दवडू नये. तपासण्या, बैठका आणि आराखडा यांविषयीच विचारावे.

सभेतील प्रश्नांची वही समाजमंदिरातच ठेवावी. प्रत्येक उत्तर त्या प्रश्नासमोर तारखेसह लिहावे आणि त्याची प्रत बाहेरच्या फळ्यावर लावावी. ज्याचे उत्तर आलेले नाही त्यासमोर 'प्रतीक्षेत' असे लिहावे. आजींच्या प्रश्नासमोर आमच्या वहीत अजून तोच शब्द आहे.