बहुकोनी रायफलिंगची नळी कशी पारखावी

रायफलच्या नळीत सहसा पिळदार खाचा असतात. त्यांच्यामधले उंचवटे गोळीत रुततात आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. बहुकोनी रायफलिंगमध्ये नळीचा छेदच षटकोनी किंवा अष्टकोनी असतो, त्याचे कोपरे गोलावलेले असतात आणि तो आकारच नळीभर पीळ घेत जातो.

नळी पाहण्यापूर्वी शस्त्र पूर्ण रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवावा. तोंडाशी पांढरा कागद धरून मागून आत पाहिले, तर नेहमीच्या नळीत खाचांच्या कडा धारदार रेषांसारख्या दिसतात. बहुकोनी नळीत मात्र उजेड-सावलीचे रुंद, मऊ पट्टे वळत गेलेले दिसतात. तिचे खरे गुण या मऊपणातच आहेत. गोळीचे आवरण कमी खरवडले जात असल्यामुळे तांब्याचा थर सावकाश साठतो, ब्रश न पोहोचणारे काटकोनी कोपरे नसल्याने सफाई सोपी होते आणि गोळीभोवतून वायू निसटायला जागा कमी राहते. यामुळे वेग किंचित वाढू शकतो, परंतु तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

अचूकतेचा दावा तपासताना व्हिटवर्थ रायफलचे उदाहरण ध्यानात ठेवावे. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षटकोनी नळीच्या रायफलने १८५७ च्या चाचण्यांत ब्रिटिश लष्कराच्या एन्फिल्डवर (जिच्या काडतुसांवरून त्याच वर्षी आपल्याकडे भडका उडाला, तीच ही एन्फिल्ड) लांब पल्ल्यात स्पष्ट मात केली. श्रेय षटकोनाला मिळाले. पण एन्फिल्डचा बोअर (नळीचा आतला व्यास) .५७७ इंचांचा आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा असा होता, तर व्हिटवर्थचा बोअर .४५१ इंचांचा आणि पीळ २० इंचांत एक फेरा. अरुंद बोअर, लांब गोळी आणि जलद पीळ यांचा त्या यशात मोठा वाटा होता, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विक्रेत्याला आधी पीळ विचारावा आणि आपण वापरणार त्या वजनाच्या गोळीला तो पुरेसा आहे का, हे पाहावे.

गोळीचा प्रकार त्याहून महत्त्वाचा आहे. उघड्या शिशाच्या गोळ्या बहुकोनी नळीत वापरू नयेत, कारण शिशाचा थर साचून दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. पिस्तुले बनवणारी ग्लॉक कंपनीही आपल्या बहुकोनी नळ्यांबाबत असाच इशारा देते. तांब्याचे आवरण असलेली गोळीच निवडावी.

काडतुसातली दारू बदलली की नळीचा हिशेबही बदलतो. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलमधील उथळ, गोलाकार कडांचे रायफलिंग काळ्या दारूच्या काजळीवर उत्तम उपाय होते, पण कॉर्डाइट या नव्या धूरविरहित दारूच्या उष्णतेने ते लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये ली-एन्फिल्डमध्ये खोल खाचा आल्या. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दीर्घकाळ दिसलेली .३०३ याच घराण्यातली.

अखेरचा निर्णय परवानाधारक रेंजवर घ्यावा. एकाच जातीच्या काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे अनेक गट, मध्ये नळी थंड होऊ देत, टेकूवरून मारावेत आणि सर्वांत चांगल्या गटाऐवजी सर्व गटांच्या छिद्रांची सरासरी रुंदी मोजावी.