फ्रेमवर्क घ्यायचं की सीएसएस हातानं लिहायचं? आधी तुकडे मोजा

सीएसएस म्हणजे पानाचे रंग, आकार, मांडणी ठरवणारे नियम. फ्रेमवर्क म्हणजे ते नियम आणि बटणं, फॉर्मसारखे तुकडे आयते देणारा संच, उदाहरणार्थ बूटस्ट्रॅप. तो डाउनलोड करण्याआधी कागद घ्या. साइटवर वेगवेगळ्या प्रकारचे तुकडे किती, ते लिहून काढा. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या दुकानाची साइट असेल तर वरची पट्टी, चपलांची कार्डं, पत्ता, व्हॉट्सअॅपचं बटण, संपलं. तिथल्याच उद्यमनगरातल्या फाउंड्रीला मात्र चौकशीचा लांबलचक फॉर्म, डीलर लॉगिन, पॉपअप, टॅब, मोठे तक्ते असं सगळं लागतं. तुकडे आठ-दहाच्या आत असतील तर हातानं लिहा. फॉर्म आणि पॉपअप जास्त असतील तर फ्रेमवर्क घ्या. पॉपअप उघडल्यावर कीबोर्डचा फोकस आतच ठेवणं, एस्केप दाबल्यावर बंद करणं ही कटकट तिथं सोडवलेली असते.

मग चपलेचं एकच कार्ड दोन्ही पद्धतींनी करून बघा. अर्धा दिवस जाईल, पण नंतरचा महिना वाचेल.

बूटस्ट्रॅप ५ मध्ये ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर दोन कॉलम टाकले की प्रत्येकाला १८० मिळतात. दोन्ही बाजूंचं १२-१२ पॅडिंग (आतली मोकळी जागा) जाऊन १५६. कार्डाच्या आतलं १६-१६ आणि बॉर्डर वजा केली की मजकुराला उरतात १२२. त्यात चपलेचं ‘कापशी’ हे नाव एका ओळीत बसतं, ‘कुरुंदवाडी, नऊ नंबर’ खालच्या ओळीत उतरतं आणि शेजारशेजारची कार्डं उंच-बुटकी दिसतात. कार्डाला ‘एच-१००’ (h-100) क्लास, म्हणजे तयार नियमाचं नाव, दिला की उंची सारखी होते. तो विसरणारे पुष्कळ.

हातानं करायचं तर सीएसएस ग्रिडमध्ये, म्हणजे रकान्यांच्या मांडणीत, ‘ऑटो-फिल’ आणि ‘मिनमॅक्स’ वापरा: किमान रुंदी १५० पिक्सेल, कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), मधलं अंतर १२. कडेला १२-१२ सोडले तर ३६० वर १६२ पिक्सेलचे दोन कॉलम बसतात, ३२० वर आपोआप एकच होतो. मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लिहिलेला वेगळा नियम, एकही लागत नाही. कार्डंही एका ओळीत सारख्या उंचीची राहतात.

फाइलच्या वजनाचा बाऊ करू नका. बूटस्ट्रॅपची मिनिफाय केलेली (फालतू जागा काढलेली) सीएसएस सुमारे २३० केबी, जिझिपनं आकसल्यावर ३० केबीच्या आसपास. मोबाइलवर काढलेला चपलेचा एक फोटो तसाच चढवला तर तोच कित्येक पट भारी पडतो. टेलविंड हे दुसरं फ्रेमवर्क तर वापरलेल्याच क्लासची सीएसएस तयार करतं.

खरा प्रश्न पुढची देखभाल कोण करणार, हा. बूटस्ट्रॅप ४ वरून ५ वर जाताना डावीकडच्या मार्जिनचा ‘एमएल’ क्लास ‘एमएस’ झाला, ‘डेटा-टॉगल’चं ‘डेटा-बीएस-टॉगल’ झालं आणि जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज गेली. अशी बदलाबदल करायला माणूस नसेल तर आवृत्ती तीच ठेवा किंवा सरळ स्वतःची सीएसएस लिहा. सगळ्यात वाईट म्हणजे फ्रेमवर्क घेऊन त्याच्यावर ‘इम्पॉर्टंट’चा (मूळ नियम जबरदस्तीनं मोडणाऱ्या शब्दाचा) मारा करणं. रंग आणि अंतरं बदलायची तर सॅसमधली (बूटस्ट्रॅपची सीएसएस ज्यातून तयार होते त्या भाषेतली) व्हेरिएबल बदला. निम्म्याहून जास्त नियम खोडावे लागत असतील तर निवड चुकली, काढून टाका.

मराठी साइटसाठी आणखी दोन गोष्टी. बूटस्ट्रॅपच्या शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असते, दोन ओळी झाल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ती १.५ करा. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

तपासताना ३२०, ३६०, ७६८ आणि १२०० या रुंदींवर बघा. मोबाइलवर सगळंच बारीक दिसलं तर पानाची रुंदी मोबाइलएवढी धरायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिलाय. तो नसला की मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो. पान आडवं सरकत असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार दरपत्रकाचा तक्ता असतो. त्याला वेगळ्या डब्यात घालून फक्त तो डबा आडवा सरकू द्या.