किनारी जंगलात लायकेनची नोंद: फोटो सोपा, जागा अवघड

लायकेनची नोंद म्हणजे ‘फोटो काढा, अ‍ॅपवर टाका, झालं’ असं सांगणाऱ्यांच्या नोंदींचे ठिपके नकाशावर उघडून बघा. त्यातले काही चक्क समुद्रात पडलेले असतात. लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनणारं दगडफूल, सापडणं तसं कठीण नाही. ते नेमकं कुठल्या झाडावर आहे हे दुसऱ्याला कळेल असं लिहिणं, हे खरं काम.

उदाहरणाला लोबारिया पल्मोनेरिया ही लायकेनची जात घेऊ. स्कॉटलंड, नॉर्वे आणि उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा इथल्या दमट जंगलांत ते जुन्या खोडांवर वाढतं. ओलं असताना हिरवंगार, वाळलं की तपकिरी आणि कागदासारखं. वरून खड्डे आणि कंगोरे, आणि भिंगातून पाहिलं तर त्या कंगोऱ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखे बारीक दाणे. फोटो तीन काढा: अख्खं खोड, वरची बाजू, आणि कड हलकेच उचलून खालची बाजू. तोडू नका.

आता जागा. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. दाट, ओल्या पानांखाली उपग्रहांचा सिग्नल क्षीण होतो, खोडांवर आणि कड्यांवर आपटून वेडावाकडा येतो. त्यात फोन खिशातून काढल्या काढल्या घेतलेल्या फोटोला कित्येकदा मागच्याच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश चिकटतात. म्हणून आधी नकाशा उघडा, तुमच्या जागेभोवती दिसणारं अचूकतेचं वर्तुळ आक्रसेपर्यंत थांबा, मगच कॅमेरा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा वेळ घेतं. वर्तुळ लहान होतच नसेल तर जवळच्या मोकळ्या जागेत जा, तिथलं वाचन घ्या आणि तिथून झाड कुठल्या दिशेला, किती मीटरवर आहे ते होकायंत्र आणि टेपने मोजून लिहा.

आकडे दशांश अंशातच लिहा. ५७ अंश ३० मिनिटं म्हणजे ५७.५, ते ५७.३० असं उतरवलंत तर झाड सुमारे २२ किलोमीटर सरकलं. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलात तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची नोंद उत्तर समुद्रात जाऊन पडते. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो. आठ आकडे लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा ‘चूक १५ मीटरपर्यंत’ असं सरळ लिहा. चुकीचा हा रकाना रिकामा असलेली नोंद माझ्या लेखी अर्धवट.

मोजायचं ते झाड, लायकेनचे तुकडे नव्हेत. एका खोडावर सात तुकडे असले तरी नोंद एकच. झाडाची जात, खोडाचा घेर, लायकेनची जमिनीपासूनची उंची, खोडाची कुठल्या दिशेची बाजू, तारीख: हे तिथेच उभं राहून लिहा, घरी आठवून नको. जिथे नीट शोधून काही मिळालं नाही, तीही जागा आणि शोधायला लागलेला वेळ टिपा. नकाशावर रिकामी दिसणारी जागा खरंच रिकामी आहे की तिथे कुणी गेलंच नाही, हे एरवी कळायला मार्ग नाही.

नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तासाभरात होतो. प्रत्येक ठिपक्याभोवती, नोंदीत जितक्या मीटरची चूक लिहिली तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुर्मीळ प्रजातीची जागा सार्वजनिक करताना ती धूसर ठेवा. निसर्गातल्या नोंदी टाकायचं आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप धोक्यातल्या प्रजातींसाठी ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत आपोआप लपवतं. मूळ आकडे मात्र तुमच्या वहीत हवेतच.