विद्यार्थ्यांनी रोमन अवशेष कसे पाहावेत

रोमला पहिल्यांदा जाणारा विद्यार्थी बहुधा स्टेशनवरून थेट कलोसियम गाठतो आणि नंतर फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, दोन तास उन्हात हिंडूनही त्याला तुटक्या खांबांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. तिथे अनेक शतकांची बांधकामे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की सरावलेल्या नजरेलाही ती उकलणे जड जाते. म्हणून सुरुवात ऑस्तिया आंतिकापासून करावी, असे माझे मत आहे.

ऑस्तिया हे प्राचीन रोमचे बंदर होते. तिबर नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकत गेला आणि आता समुद्र तिथून काही किलोमीटर दूर आहे. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल गाडीने साधारण अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. सोमवारी मात्र हे स्थळ बंद असते.

तिथे भिंतींआधी जमीन पाहावी. उंबरठ्याच्या दगडात लांब खाच दिसली, तर त्या जागी दुकान होते असे समजावे. त्या खाचेत फळ्या सरकवून दुकान बंद करीत. नाट्यगृहामागील चौकात व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांपुढे काळ्या-पांढऱ्या मोझेकची, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे जडवून केलेली, चित्रे आहेत आणि त्यांतील जहाजांच्या गर्दीत आफ्रिकेतील साब्राथा या बंदराच्या व्यापाऱ्यांचा हत्तीही आहे. तो जरूर शोधावा.

एवढे पाहून फोरममध्ये गेल्यावर रस्ता, दुकान आणि मंदिर आपोआप वेगळे कळू लागतात. कलोसियमचे तिकीट नावावर असते, त्यामुळे ते अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावे आणि जाताना पासपोर्ट जवळ ठेवावा. १८ ते २५ वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. केवळ विद्यार्थी ओळखपत्र दाखवून ती मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण रांग पाहता तो फुकटात पडतो असे म्हणवत नाही.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या, नेपल्सजवळच्या पॉम्पेईसाठी पूर्ण दिवस राखावा. नगराचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर आहे आणि सावली फारच थोडी, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि पादचाऱ्यांना ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड आजही आहेत. हाताशी अर्धाच दिवस असेल, तर पॉम्पेईच्याच रेल्वेमार्गावरील आणि त्याच उद्रेकात गाडले गेलेले हर्क्युलेनियम निवडावे. ते आटोपशीर असून तिथे घरांचे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेले लाकूडही टिकून आहे.

पॉम्पेईतील उत्तमोत्तम वस्तू नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ‘फॉनचे घर’ या वाड्यात अलेक्झांडरच्या लढाईचे जे मोझेक दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ मोझेक संग्रहालयात आहे. तरीही संग्रहालय नंतरच पाहावे, म्हणजे ते मोझेक कोणत्या दालनाच्या जमिनीवर होते हे आठवत त्यापुढे उभे राहता येते.