ऑगस्टीन बाविसाव्या पुस्तकापासून वाचायला घ्या

संत ऑगस्टीनचं 'देवाचं नगर' मी दोनदा पहिल्या पानापासून सुरू केलं आणि दोन्ही वेळा चौथ्या पुस्तकात (पुस्तक म्हणजे खंड समजा) अडकले. तिथे रोमच्या देवांची मोजदाद आहे. एका दाराला तीन देव: फळीचा एक, बिजागरीचा एक, उंबऱ्याचा एक. गंमत आहे, पण विरार लोकलमध्ये उभ्याने किती वाचणार!

एकूण २२ पुस्तकं. आधी २२व्यातलं २४वं प्रकरण काढा. ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा म्हातारा बिशप, तिथे समुद्राचे रंग सांगतो: कधी हिरवा, त्यातही नाना छटा, कधी जांभळा, कधी निळा. देवमाशाच्या अगडबंब देहापेक्षा मुंगी-मधमाशीच्या कामाचं त्याला जास्त नवल.

मग ११व्यातलं १६वं. घरात उंदरांपेक्षा भाकरी असावी, पिसवांपेक्षा सोनं असावं, असं कोणाला वाटत नाही? पण सृष्टीच्या उतरंडीत उंदीर भाकरीच्या वर, कारण त्याच्यात जीव आहे. इथे पेन्सिलने खूण करा. आपल्या सोयीने सृष्टीची किंमत ठरत नाही, हा मुद्दा १२व्याच्या सुरुवातीला परत येतो.

इतिहास त्यानंतर. १२व्याच्या मध्यावर तो काळाच्या चक्राची कल्पना घेतो: तोच प्लेटो, तेच अथेन्स, तीच शाळा, तेच विद्यार्थी, पुन्हा पुन्हा. साफ नाही म्हणतो; ख्रिस्त एकदाच मेला. मी वसईची, बाप्तिस्मा झालेली, तरी शेजारच्या ओटीवर कलियुगाच्या गोष्टी ऐकत वाढले. या पानावर मला आठवडा लागला. तुम्हीही घाई करू नका.

आता पहिलं पुस्तक उघडा. ४१० साली अलारिक राजाच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. ख्रिस्ती होऊन जुने देव सोडले म्हणून हे झालं, अशी ओरड उठली. तिला उत्तर म्हणून ४१३ ते ४२६ हे लेखन चाललं. ऑगस्टीन दोन नगरं सांगतो, देवाचं आणि पृथ्वीवरचं. ती म्हणजे एकीकडे चर्च, दुसरीकडे रोम, असं मी धरून चालले होते. आमच्या फादरांनी विचारलं, "मग दुसऱ्या नगराचे लोक आपल्याकडे कुठल्या बाकावर बसतात?" पहिल्याचं ३५वं प्रकरण वाचा, दोन्ही नगरं शेवटापर्यंत एकमेकांत मिसळलेली आहेत.

२१वं मागे ठेवा. त्यात कार्थेज शहरात त्याच्या ताटात वाढलेलं मोराचं मांस येतं: त्याने तुकडा महिनाभर ठेवला, वास नाही, वर्षाने नुसता सुकला. चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, आपल्याला ठाऊक असलेल्या निसर्गाविरुद्ध असतो, हे त्याचं म्हणणं त्याच पुस्तकात आहे. फक्त जेवायच्या आधी वाचू नका.