कारच्या कंपनी सिस्टिमला नावं ठेवताय? आधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात पारोळ्याहून एक जण आला. गाडी घेऊन तीन आठवडे झालेले. "भो, कंपनीचे स्पीकर काढून टाका, आवाजात दमच नाही." मी आत बसलो. बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) दोन्ही टोकाला, फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारं सेटिंग) पूर्ण मागच्या सीटकडे, आणि गाणं व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेलं. मी सगळं शून्यावर आणलं, फेडर पुढे घेतला, माझ्या पेनड्राइव्हमधलं गाणं लावलं. पाच मिनिटं ऐकून तो स्पीकर न बदलताच घरी गेला.

जळगावात पंधरा वर्षं हेच काम करतोय आणि पंधरा वर्षं हेच बघतोय. गाडीसोबत आलेली म्युझिक सिस्टिम नीट ऐकण्याआधीच लोक खिशात हात घालतात.

ऐकायचं कसं, हेच ठरवलेलं नसतं

शोरूममध्ये एसी चालू, सेल्समन शेजारी बडबडतोय, आणि आपण धडधडणारं रिमिक्स लावून "भारी आहे" म्हणतो. त्यातून काही कळत नाही. मी तीन गोष्टी लावतो आणि त्या वर्षानुवर्षं बदललेल्या नाहीत: पखवाजाच्या साथीचा एक अभंग, आपल्याकडच्या लग्नातल्या बॅन्जो पार्टीचं एक स्वच्छ रेकॉर्डिंग, आणि पुरुषाच्या आवाजातलं साधं बोलणं. बोलणं सर्वांत महत्त्वाचं. माणूस घागरीत तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर दाराचा पत्रा घुमतोय. बॅन्जोची तार कानाला टोचली तर ट्रेबल जास्त आहे, नाहीतर ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) हलका आहे.

आधी इंजिन बंद ठेवून ऐका, मग चालू करून. त्यानंतर महामार्ग ५३ वर एरंडोलच्या दिशेने ऐंशीच्या वेगाने. टायरची घरघर बहुतेक खालच्या सुरांची असते, ती पखवाजाचा खर्ज गिळून टाकते. म्हणून उभ्या गाडीत बरोबर वाटलेला बेस रस्त्यावर कमी पडतो. तो दोष सिस्टिमचा नाही.

दोन सिस्टिमची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जी जरा मोठी वाजते ती कानाला चांगलीच वाटते. हळू आवाजात कान खालचे सूर कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. तरी लोक एक सिस्टिम दहावर ऐकतात, दुसरी वीसवर, आणि निकाल देऊन मोकळे होतात.

डांबराची पट्टी

या चुकीवर मी जास्त बोलणार, कारण दर उन्हाळ्यात एक तरी गाडी अशी येते.

स्पीकरची पेटी म्हणजे गाडीचं दार. ते पातळ पत्र्याचं, आतून पोकळ, भोकाभोकांचं. स्पीकरच्या मागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खातो, म्हणून बेस मरतो. दाराला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) लावली तर कंपनीचेच स्पीकर वेगळे वाटायला लागतात. इथवर सगळ्यांना व्हिडिओ बघून माहीत असतं. पण ब्युटाइल रबराची शीट महाग वाटते, मग पत्र्याच्या गळतीला लावतात ती चंदेरी पाठीची डांबराची पट्टी आणली जाते. दिसायला दोन्ही सारख्याच.

अमळनेरकडचे एक कापूस व्यापारी. त्यांनी एप्रिलमध्ये घरीच चारही दारांना ही पट्टी लावली. पहिले पंधरा दिवस आवाज खरंच सुधारला, फोन करून मला तसं सांगितलंही. मे महिन्यात गाडी रोज दुपारभर उघड्यावर उभी. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतं तेव्हा बंद गाडीच्या आत साठाच्या वर जातं, आणि उन्हातला दाराचा पत्रा तर हात लावू देत नाही. डांबर मऊ झालं आणि पट्ट्या घसरल्या. काळा चिकटा काचेच्या खाचेत उतरून ड्रायव्हरची काच अर्ध्यावर अडकली. उरलेलं डांबर दाराच्या तळाशी साचलं आणि पाणी निघून जायची भोकं बुजली. जूनचा पहिला पाऊस झाला, तेव्हा ब्रेक मारला की दारात पाणी डुचमळताना ऐकू यायचं. आतला प्लास्टिकचा पडदा काम करताना फाडून टाकलेला, त्यामुळे पाणी ट्रिममधून, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणातून, पायाखालच्या मॅटवर. स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकू, भिजून लोंबत होता.

दार उघडून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पैसाबी गया, आवाजबी गया." रॉकेल, खरवडायची पत्री आणि चिंध्या घेऊन मला दोन दिवस लागले. खालच्या कडेला गंज धरला होता तो वेगळाच.

शीट खरेदी करताना आधी वास घ्या. डांबराचा वास आला तर परत ठेवा. दुकानदार कितीही ब्युटाइल म्हणो, मी हातभर तुकडा लोखंडी पत्र्याला चिकटवून मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस उभा ठेवतो. बोटभर जरी सरकला तरी तो माल घेत नाही. लावताना आधी पत्रा स्पिरिटने पुसतो. स्पीकरच्या मागचा बाहेरचा पत्रा पहिला, आणि रोलरने दाबून दाबून. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, पाव भाग झाकला तरी ठणठण बरीच बसते. आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवतो, पण काचेची वाट आणि लॉकच्या सळया मोकळ्या सोडतो. शेवटी खालच्या प्रत्येक भोकात काडी घालून बघतो. पडदा परत लावल्याशिवाय ट्रिम बसवत नाही. चारही दारं एका दुपारी उरकून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. एका दाराला मला अर्धा दिवस लागतो.

उलट्या वायरी

डेंटिंग करून आलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं. एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटा जोडला जातो. मग एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, आणि बेस गायब. मालकाला वाटतं स्पीकर खराब झाले.

तपासायला पैसे लागत नाहीत. फेडर पुढे ठेवा, बॅलन्स (डावी-उजवी बाजू) मध्ये ठेवा, बोलणं लावा. आवाज समोर डॅशबोर्डच्या मध्यावर उभा राहायला हवा. तो डोक्याभोवती पसरला, आणि बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस उलट वाढला, तर वायर उलटी आहे. खात्री करायची तर स्पीकरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर येतो.

खोक्यावरचे वॉट

"५० वॉट गुणिले ४" वाचून लोक हुरळतात. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर चार ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला स्टिरिओ, कागदावर सव्वीसेक वॉट देऊ शकतं, प्रत्यक्षात अठरा-वीस. म्हणून स्पीकर बदलायचेच असतील तर वॉट नका बघू, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच वॉटमध्ये दुप्पट ताकद दिल्यासारखा वाजतो. दोन ओहमचे स्पीकर कंपनीच्या युनिटला जोडू नका. ते जास्त करंट ओढून युनिट तापवतात, आणि आपल्या उन्हाळ्यात ते आधीच तापलेलं असतं.

बेस सहा डेसिबलने वाढवला की तिथे चौपट वॉट लागतात. तेवढे युनिटकडे नसतात. मग आवाज फाटतो आणि ट्विटर जळतात. मी जे जास्त आहे ते कमी करतो, वाढवत जवळपास काहीच नाही. एवढी एक सवय लावली तर निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

बाकी थोडक्यात. ब्लूटूथवर ऐकताना फोनचाही व्हॉल्यूम वर आहे ना ते बघा. दारातून खडखड आली तर आधी कप्प्यातली नाणी काढा. मागून आली तर नंबर प्लेट हाताने दाबून धरा. गाडीचं वायरिंग कापू नका, तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, वॉरंटीचा वाद सहसा होत नाही.

आणि ॲम्प्लिफायर बसवणार असाल तर दोन गोष्टी. बऱ्याच कंपनी युनिटमध्ये व्हॉल्यूम चढला की बेस आपोआप कमी होतो, छोटे स्पीकर वाचावेत म्हणून. स्पीकरच्या वायरीवरून ॲम्प्लिफायरला सिग्नल घेतला तर तो कापलेला बेसच मोठा होऊन येतो. पूर्ण आवाजात ऐकूनच निर्णय घ्या. दुसरी गोष्ट, बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत तो सीटखाली ॲम्प्लिफायरजवळ होता आणि वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पत्र्यावर घासून निम्मी सोललेली. तिथे तांबं पत्र्याला टेकलं असतं तर सीटखालच्या फ्यूजचा काही उपयोग नव्हता. ती गाडी मी संध्याकाळी परत दिली नाही, वायर पूर्ण बदलून दुसऱ्या दिवशी दिली.