अटलांटिकचा हिवाळा क्लायमेट मॉडेलला जमलाय का, हे कसं तपासायचं

युरोपचा हिवाळा कसा जाणार हे बरंचसं ‘उत्तर अटलांटिक दोलना’वर (नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन), म्हणजे एनएओवर ठरतं. आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्सजवळचा जास्त दाब यांतला फरक वाढला की पश्चिमी वारे जोर धरतात, उत्तर युरोप उबदार आणि ओला राहतो. फरक घटला की २००९-१० सारखी कडाक्याची थंडी पडते.

सीएमआयपी६ (जगभरच्या क्लायमेट मॉडेलांचा तुलना-प्रकल्प) च्या ‘हिस्टॉरिकल’ रनमधला, म्हणजे मॉडेलने चालवलेल्या भूतकाळातला, समुद्रसपाटीवरचा मासिक दाब घ्या आणि तो ईआरए५ शी, म्हणजे निरीक्षणांवरून तयार केलेल्या प्रत्यक्ष हवामानाच्या डेटाशी, ताडून पाहा. हे रन २०१४ ला संपतात, म्हणून १९५० ते २०१४ हा काळ सोयीचा. दाब पास्कलमध्ये असतो, १०० ने भागून हेक्टोपास्कल करा. दोन्ही डेटा २.५ अंशांच्या एकाच ग्रिडवर आणा. एनएओ हजारो किलोमीटर पसरलेला असतो, बारीक ग्रिडने काही साधत नाही.

डिसेंबर पुढच्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीला जोडा. नुसती वर्षवार सरासरी घेतली तर दोन वेगळे हिवाळे एकत्र होतात, आणि ही चूक आकड्यांत सहसा दिसतही नाही. टोकांचे अर्धवट हिवाळे टाकले की ६४ उरतात.

प्रदेश २०–८० उत्तर, ९० पश्चिम ते ४० पूर्व. रेखांश ० ते ३६० असे असतील तर आधी −१८० ते १८० करून क्रमाने लावा, नाहीतर शून्य रेखांशाशी तुकडा तुटतो. प्रत्येक बिंदूला अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गमुळाचं वजन द्या, नाहीतर ध्रुवाकडे दाटलेले बिंदू निकाल ओढून नेतात.

आता ईआरए५ चा पहिला ईओएफ, म्हणजे दाबाच्या चढउतारांतली सगळ्यात ठळक आकृती, काढा. त्याचं चिन्ह मनमानी असतं. आइसलँड ऋण येईल असं फिरवून घ्या. मॉडेलचा ईओएफ वेगळा काढू नका, कारण काही मॉडेलांत एनएओ दुसऱ्या क्रमांकावर सरकतो आणि तुलना भलत्याच गोष्टींची होते. मॉडेलची विचलनं (सरासरीपासूनचे फरक) ईआरए५ च्याच आकृतीवर प्रक्षेपित करा, म्हणजे दर हिवाळ्याला एक आकडा, एनएओ निर्देशांक, मिळेल. मिळालेल्या निर्देशांकाशी दाबाचं रिग्रेशन करून नकाशा काढा आणि तो ईआरए५ च्या नकाशाशी जुळवा.

सगळ्यात जास्त घोटाळा यापुढे होतो. मॉडेलचं २०१० म्हणजे आपलं २०१० नव्हे. त्याचे हिवाळे त्याचे स्वतःचे असतात. म्हणून वर्षागणिक सहसंबंध काढणं निरर्थक आहे. तुलना करायची ती निर्देशांकाच्या प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशन) आणि ३० वर्षांच्या कलांची. ६४ हिवाळ्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनात सुमारे ९ टक्के नमुना-त्रुटी असते, दोघांच्या गुणोत्तरात १२ च्या आसपास. तेव्हा गुणोत्तर १.१ आलं म्हणून मॉडेलला दोष देऊ नका. एकच रन तर मुळीच पुरत नाही. एकाच मॉडेलचे निदान दहा रन घ्या आणि ईआरए५ त्यांच्या पसाऱ्यात बसतो का ते पाहा.

नकाशा बहुतेक मॉडेलांना चांगला जमतो, पण तेवढ्यावर मॉडेलला पास करू नये. कस लागतो तो दशकांच्या चढउतारात: १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एनएओ जितका चढला, तितका कल फार थोड्या रनमध्ये सापडतो.